दोघींचं वजन

पावसहून पूर्णगडाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून बौद्धवाडी आहे. तिथल्या शेवटच्या घरात रोज सकाळी एक काम होतं, आणि ते पार पडलं की मगच दिवस सुरू झाला म्हणायचा. रसिका तांबे सासूला उचलते.

जाईबाई खाटेच्या कडेला बसलेली असते. तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूनं तिची उजवी बाजू गेली, डावी शाबूत राहिली. रसिका तिच्या पुढ्यात उभी राहते, तिच्या काखेतून हात पाठीमागे घालून बोटांत बोटं अडकवते, गुडघे वाकवते आणि म्हणते, "एक, दोन, हां!" हां म्हटलं की जाईबाईनं डावा पाय जमिनीवर रेटायचा, रसिकानं वर ओढायचं, दोघींनी मिळून अर्धी गिरकी घ्यायची आणि जाईबाईला चाकाच्या खुर्चीत टेकवायचं. तिथून मोरी, मोरीतून पडवी. पडवीत बसलं की एसटीतून कोण उतरलं, कोणाच्या कलमांखालचं गवत काढून झालं, कोणाची सून माहेराहून आली, सगळं दिसतं. जाईबाईचं उरलेलं जग म्हणजे ती पडवी. ती काढून घेतली तर म्हातारीकडे काय राहील, हा विचार रसिकानं कधी पुरता केला नव्हता, कारण तो करायला बसलं की ती उठून दुसरं काम काढायची.

हे 'एक, दोन, हां' जाईबाईचंच. तिनं उमेदीची वर्षं चिरेखाणीत काढली होती. जांभ्याचा चिरा एकटीनं डोक्यावर घेता येत नाही. एकीनं द्यायचा, दुसरीनं चुंबळीवर घ्यायचा, आणि दोघींनी श्वास एकदम घ्यायचा. "देणारीन हात सैल सोडलान तर घेणारीची मान जाते," असं ती सांगायची. अंगावरून वारं गेल्यावर पहिल्यांदा सुनेनं तिला उचललं तेव्हा तिनंच तोंड वाकडं करत, अडखळत हे तंत्र शिकवलं होतं. आता चिरा ती स्वतः होती, एवढाच फरक.

घरात या दोघीच. रसिकाचा नवरा सुहास मुंबईत एका कचेरीत शिपाई, राहायला विरारला तिसऱ्या मजल्यावर. मुलगी तेजल तिकडेच वडिलांजवळ राहून नर्सिंग शिकते. दोघं मे महिन्यात येतात, सणासुदीला येतात, आणि फोन रोज येतो. फोनवर काही उचलता येत नाही, पण त्याला कोण काय करणार.

तर गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात रसिकाचे गुडघे बोलायला लागले. वय अठ्ठेचाळीस, उंची बेताची आणि अंग चांगलं सुटलेलं. रत्नागिरीच्या डॉक्टरनं गुडघ्यांचा फोटो उजेडाकडे धरला आणि सांगितलं, "दहा किलो तरी कमी करा. पण नीट खाऊन करा, चरबी उतरली पाहिजे, ताकद नाही." या वाक्याचा पहिला तुकडा रसिकानं घरी आणला. उरलेला दवाखान्याच्या बाकावरच राहिला असावा.

एवढी शहाणी बाई, तिनं असं करावं याचं नवल वाटतं. कारण रसिका अंगणवाडी सेविका. दिवसभर तिचं काम काय, तर पोरांना वजनकाट्यावर बसवायचं, त्यांच्या दंडाला ती लाल-पिवळी-हिरवी पट्टी गुंडाळायची, आणि आयांना खडसवायचं. "नुस्ता भात भरवू नका गो! डाळ घाला, अंडं द्या, उसळ द्या. पोट दिसतंय टम्म, नि हातापायांच्या काड्या!" अंगणवाडीच्या भिंतीवर याचा रंगीत तक्ता आहे, आणि गेली वीस वर्षं रसिका त्याच्याकडे पाठ करून बसते.

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला. वाडीतल्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन, बायका पांढऱ्या साड्या नेसून बसणार, आणि पौर्णिमेला अष्टशील घेणार. अष्टशील घेतलं की दुपारी बारानंतर अन्न नाही. रसिकाही दरवर्षी घ्यायची. पण त्या वर्षी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिला पोट हलकं वाटलं, गुडघाही जरा कमी ठणकला, आणि तिच्या डोक्यात प्रकाश पडला. महिन्यातून एकदा का? रोजच का नको? पुण्य ते पुण्य, वर वजनही उतरेल. शिवाय वर्षावासाचे तीन महिने मासळी, अंडी बंद.

झालं. सकाळी चहा नि दोन बटर, अंगणवाडीत साडेअकराला बसून डब्यातला भात आणि वर पाण्यासारखी आमटी, आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत कोरा चहा. कोणी विचारलं तर, "माझं बारानंतर नसतं." हे सांगताना तिला जरा बरं वाटायचं. आयुष्यभर लोकांचं करण्यात गेलेल्या बाईला स्वतःचं म्हणून एक व्रत मिळालं होतं, त्याचा तिला थोडा माज चढला तर चढला.

एक गोष्ट तिनं हिशेबात धरली नाही. संध्याकाळचं जेवण ती आणि जाईबाई एकत्र जेवत. समोरासमोर, जाईबाई खुर्चीत, रसिका पाटावर. आता रसिका एकच ताट वाढायची, आठवणीनं त्यात एक उकडलेलं अंडं ठेवायची (म्हातारीला कसलं व्रत), आणि पांढरी साडी नेसून विहारात जायची. परत येईपर्यंत ताट रिकामं असायचं. "जेवलात ना?" "जेवले गो बाय, तू जा, पाठ टेक." पडवीत येणारी शेजारची मांजर त्या पावसाळ्यात चांगली गुबगुबीत झाली. रसिकानं ते पाहिलं आणि विसरून गेली. दमलेल्या माणसाला मांजराचं काय सुचतंय?

वजन मात्र उतरायला लागलं. अंगणवाडीत गरोदर बायकांसाठी मोठा काटा आहे, त्यावर पोरं घरी गेल्यावर ती चप्पल काढून उभी राहायची. काटा मागे मागे येत होता. विहारात बायका तिच्या दंडाला चिमटा काढून म्हणायच्या, "अगो रसिका, निम्मी झालीस की!" ब्लाऊज सैल झाले. तिनं ते आतून दाबून घेतले, आणि दाबताना गुणगुणली, असं कितीतरी वर्षांनी झालं असेल.

पण दम लागायला लागला. एसटीच्या पायऱ्या चढताना दांडा दोन्ही हातांनी धरावा लागे. अंगणवाडीतलं खिचडीचं पातेलं पूर्वी ती एका हिसक्यात उतरवायची, आता मदतनीस मालनला हाक मारायची. दुपारी मुलांची गाणी घेताना आवाज मधेच खाली बसायचा. केस विंचरले की फणी भरून यायची. ती स्वतःशी म्हणायची, वय झालं. गुडघेच वाईट. मग संध्याकाळी विहारात भिंतीला टेकून बसायची आणि वाचन कानांवरून वाहून जायचं. मजा अशी, की त्याच दिवसांत सिद्धार्थाच्या खडतर तपाचा भाग वाचला गेला. उपाशी राहून शरीराचा सापळा झाला, नदीतून काठावर चढवेना, आणि मग सुजातेनं दिलेली खीर घेतली तेव्हा कुठे बळ आलं. सगळ्या बायकांनी हात जोडले. रसिकानंही जोडले, जांभई गिळली आणि उद्या काट्यावर उभं राहायचं म्हणून मनात नोंद केली.

भाद्रपदातली ती सकाळ. बाहेर झिमझिम चालू होती, पडवीत लादी ओली. नेहमीसारखंच एक झालं, दोन झालं, आणि 'हां'ला रसिकानं ओढलं तर काहीच वर आलं नाही. म्हणजे अर्धवट आलं, आणि तिथेच तिच्या दंडातून जणू कोणी दोरी काढून घेतली. अडकवलेली बोटं सुटली. जाईबाई खाट आणि खुर्चीच्या मधे खाली घसरली आणि तिच्याबरोबर रसिकाही बसकण मारून खाली आली. कोणाला काही लागलं नाही. दोघी तशाच जमिनीवर बसून राहिल्या, एकमेकींच्या अंगावर रेललेल्या.

"उठवूया हां आई, जरा थांबा," रसिका म्हणाली. तिनं दोनदा प्रयत्न केला. तिला स्वतःलाच उठता येईना. शेवटी तिनं शेजारच्या सगुणाबाईला हाका मारल्या, सगुणाबाई मुलाला घेऊन धावत आली, आणि त्या दोघांनी आधी म्हातारीला आणि मग सुनेला उभं केलं. सुनेला उभं करताना सगुणाबाईचा मुलगा मान वळवून हसला. ते हसू रसिकाला पडण्यापेक्षा जास्त लागलं.

सगुणाबाईनंच सुहासला फोन केला. तिचा हेतू चांगलाच होता. संध्याकाळी सुहासचा फोन आला.

"हे बघ, तुला जमत नाही हे मला आधी सांगायचंस. अश्विन पौर्णिमेला येतो, वर्षावासाची सांगता होईल, आणि आईला इकडे घेऊन जातो."

"तिसऱ्या मजल्यावर? बसेल कुठे ती? खिडकीतनं समोरची भिंत दिसते तुमच्या."

"मग काय तुला पण अंथरुणावर पडलेली बघू? ती पडली असती डोक्यावर तर?"

तो चुकीचं काही बोलत नव्हता. फोन ठेवून ती वळली, तर जाईबाई तिच्याकडेच बघत होती. म्हातारीनं सगळं ऐकलं होतं. ती डाव्या हातानं मांडीवरचं पातळ नीट करत राहिली.

रसिकाची पाठ धरली होती, म्हणून ती रत्नागिरीला फिजिओथेरपीला गेली. तिथं श्रद्धा नावाची तरुण मुलगी होती, तेजलपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिनं पाठीला हात लावायच्या आधी सांगितलं, "मावशी, हात छातीवर बांधा आणि खुर्चीतून उठा." रसिका हसली. हे काय काम? तिनं हात बांधले, पुढे वाकली, आणि उठली नाही. पुन्हा वाकली. खुर्चीच्या कडेला हात टेकला तेव्हाच वर आली. ती हसायची थांबली.

"खाता काय तुम्ही?"

रसिकानं सांगितलं. बारानंतरचंही सांगितलं, जरा ताठ होऊन. श्रद्धानं तिचा दंड हातात धरून पाहिला, पोटाचा घेर मोजला.

"मावशी, पोट आहे तिथंच आहे. उतरलंय ते इथलं आणि इथलं," तिनं दंडाला आणि मांडीला हात लावला. "भात खाऊन बाकीचा वेळ उपाशी राहिलात तर शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडून खातं. वजन हळूहळू उतरवा. भात निम्मा करा, पण प्रत्येक जेवणात अंडं, मासळी, डाळ, उसळ, दही, काहीतरी हवंच. आणि स्नायूंना काम द्या, नाहीतर शरीराला वाटतं, ते नकोच आहेत."

रसिकाच्या डोळ्यांपुढे अंगणवाडीच्या भिंतीवरचा तक्ता आला. पोट टम्म आणि हातापायांच्या काड्या. कोणी आई समोर असती तर तिनं तिला पोरांदेखत झापलं असतं. स्वतःला झापायला तिच्यात त्राणही नव्हतं. ती एसटीत बसली आणि पावस येईपर्यंत डोळे मिटून राहिली.

त्या दिवसापासून तिनं व्रत सोडलं. हे लिहायला सोपं आहे. तिला ते फार जड गेलं, कारण व्रत सोडलं असं वाडीत सांगावं लागतं. मासळी मात्र वर्षावास संपेपर्यंत नाहीच, तेवढं तिनं राखलं. सकाळी बटराऐवजी दोन अंडी. दुपारी डब्यात मुगाची नाहीतर मटकीची उसळ, भात मूठभर. संध्याकाळी आईचं ताट आधी वाढून, विहारातून आल्यावर स्वतःला कुळथाची पिठी, भाकरी, वर वाटीभर ताक. आणि रोज खुर्चीतून उठबस, आधी हात टेकून, मग एक बोट टेकून, मग न टेकता. पाण्याने भरलेले दोन डबे दोन हातांत घेऊन मागच्या अंगणात फेऱ्या. सगुणाबाई कुंपणावरून बघायची. "काय गो, नळ गेलाय काय?"

यात गंमत काही नव्हती. कंटाळा होता. अंगणवाडीतून आल्यावर अंग अंथरुणाकडे ओढायचं आणि पुढ्यात डबे असायचे. काटा उतरायचा थांबला, एकदा तर किलोभर वर गेला, आणि विहारातल्या बायका लगेच म्हणाल्या, "परत सुटलीस गो?" रसिकाला रडू आलं होतं त्या संध्याकाळी. उपाशी होती तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं, आणि आता नीट जेवते तर ही भाषा. पण एक दिवस खिचडीचं पातेलं मालनला हाक न मारता खाली आलं. एसटीचा दांडा एका हातानं पुरायला लागला. पोटावरची निरी न ओढता बसायला लागली, काटा काही का म्हणेना.

फक्त जाईबाई उचलायला जडच राहिली. हे काही केल्या कळेना. दिसायला म्हातारी पूर्वीपेक्षा बारीक. पण 'हां' म्हटलं की सगळा भार रसिकाच्या अंगावर, पोतं ओढावं तसा. सुहासची पौर्णिमा पंधरवड्यावर आली होती.

एका दुपारी ती अंगणवाडीतून लवकर आली. पिशवीत पोरांच्या दंडाची ती पट्टी राहून गेली होती. पडवीत जाईबाई खुर्चीत डोळे मिटून बसली होती, पातळाचा पदर खांद्यावरून घसरलेला. तो सावरायला रसिका वाकली आणि तिचं लक्ष म्हातारीच्या डाव्या दंडाकडे गेलं. शाबूत बाजूच्या. रोज याच काखेत हात घालत होती ती, पण घाईत कधी नीट पाहिलं नव्हतं. काय मनात आलं कोण जाणे, तिनं पिशवीतून पट्टी काढली आणि त्या दंडाभोवती गुंडाळली. पाच वर्षांखालच्या पोरांची पट्टी. ती सत्तरी उलटलेल्या बाईच्या दंडाभोवती आरामात फिरली आणि बरीचशी उरलीही.

त्याच वेळी मांजर आली आणि जाईबाईच्या मांडीवरच्या पदराला नाक लावून ओरडायला लागली. पदरात गाठ होती. रसिकानं ती सोडली. आत सकाळी तिनंच दिलेलं उकडलेलं अंडं होतं, सालासकट.

जाईबाईनं डोळे उघडले.

"कधीपासून?" रसिकानं विचारलं.

म्हातारी रस्त्याकडे बघत राहिली. "तुझे गुडघे दुखाय लागले तवापास्नं."

"म्हंजे मी पडायच्या आधीपासनं?"

"मग काय करणार होते गो मी? तुला उचलावं लागतं मला. माज्या हातात दुसरं काय नाय. हलकं व्हयाचं तेवडं माज्या हातात होतं. तू पण उपाशी ऱ्हायचीस, मी एकटी गिळत बसू? तुज्याशिवाय घास जायचा नाय, तो मांजराला घातला. तिला तरी लागला अंगाला."

रसिका मटकन पायरीवर बसली. त्या सकाळचं सगळं तिला आता नीट दिसलं. तिच्या दंडात बळ नव्हतं हे खरं. पण जाईबाईचा डावा पाय, तोही जमिनीवर रेटला गेला नव्हता. तो रेटायला त्यात काही उरलंच नव्हतं. एकीनं दुसरीला उचलता यावं म्हणून उपास केला, दुसरीनं उचलून घ्यायला सोपं जावं म्हणून केला, आणि दोघी मिळून जमिनीवर आल्या. तिला हसू आलं, राग आला, आणि मग ती पदर तोंडाला लावून रडली. मांजर अंड्याकडे बघत होती.

"चिरा देणारीन हात सैल सोडलान तर घेणारीची मान जाते," ती डोळे पुसत म्हणाली. "कोणी शिकवलान मला?"

"मीच."

"मग?"

जाईबाईनं सुटलेला पदर मुठीत धरला. ती बारीक आवाजात म्हणाली, "मना मुंबयस नको गो पाठवू." सुहासचा तो फोन आल्यापासून ती हे पहिल्यांदाच बोलत होती.

"खा मग," रसिका म्हणाली आणि अंडं सोलायला लागली. "माझ्यासमोर खा."

त्या संध्याकाळपासून दोन ताटं वाढली जायला लागली. विहारात रसिका वाचन निम्मं झाल्यावर पोचायची, कोणाला काय वाटायचं ते वाटो. दोघी समोरासमोर बसून एकमेकींच्या घासावर नजर ठेवून जेवायच्या. पिठी पातळ करून, अंडं कुस्करून, ताकात भाकरी चुरून. म्हातारीचं पोट आकसलेलं, दोन घासांत भरायचं, मग थांबायचं, मग पुन्हा. जेवणाला तास जायचा. दिवसभर राबून आलेल्या बाईला तो तास कुठून काढायचा हे विचारू नये. जेवण झालं की जाईबाईनं खुर्चीत बसल्या बसल्या डावा पाय पुढे ताणायचा आणि खाली ठेवायचा. ती कुरकुरायची, शिव्या घालायची आणि करायची.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सुहास आला. येताना भाड्याची गाडी ठरवूनच, रविवारी निघायचं म्हणून. पंधरवड्यात काही चमत्कार होत नसतो. जाईबाईचा दंड अजून तसाच होता आणि रसिकाचं वजन डॉक्टरच्या आकड्यापासून लांब होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी रसिका चुलीशी होती, तर सुहासनंच आईला पडवीत न्यायचं ठरवलं. त्यानं वाकून तिला दोन्ही हातांवर अलगद उचललं, लहान पोर उचलावं तसं, आणि चकित होऊन म्हणाला, "आई, किती हलकी झालीस गो तू!"

चुलीशी रसिकाचा हात थांबला.

"खाली ठेव मना," जाईबाई म्हणाली. "खाटेवर ठेव. रसिका, ये गो."

रसिका हात पुसत आली. तिच्या पुढ्यात उभी राहिली, काखेतून हात घातले, बोटं अडकवली. "एक, दोन, हां!" आणि तिला आपल्या पोटऱ्यांशी कळलं की समोरून काहीतरी रेटलं गेलं. थोडंच होतं, पण ते दुसरीकडून आलेलं होतं. जाईबाई उभी झाली, दोघी क्षणभर तशाच थांबल्या, मग अर्धी गिरकी, मग खुर्ची.

म्हातारीला धाप लागली होती. ती सुहासकडे बघून म्हणाली, "हलकी काय म्हणतोस मेल्या. आता कुठं जड व्हयाला लागलेय मी. जरा दम धर."

सुहासला त्यातलं काही समजलं नाही. त्यानं बायकोकडे पाहिलं, तर ती खुर्चीचे ब्रेक सोडत होती आणि तिचे डोळे भरले होते. दोघींचं मिळून जमतंय, एवढं मात्र त्यानं पाहिलं. रविवारी गाडी आली तेव्हा तो एकटाच तीत बसला, आणि जाईबाईनं पडवीतून त्याला हात केला.